एमडींचा पगार आणि कंपनीची कामगिरी : वार्षिक अहवालातून पडताळणी कशी करायची

सांगली-साताऱ्याकडे वार्षिक अहवाल ही काही नवलाईची गोष्ट नाही. साखर कारखान्याचा, पतसंस्थेचा, सहकारी बँकेचा अहवाल सभेच्या आधी घरी येतो. लाभांश किती, ऊसदर किती एवढं बघितलं जातं आणि मग तो कपाटावर जाऊन पडतो. आता त्याच घरांत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे अहवालही येऊ लागले आहेत. ते ईमेलवर येतात, इंग्रजीत असतात आणि तीनशे पानांचे असतात. कुणी डीमॅट खातं उघडून चार शेअर घेतलेले असतात, कुणाकडे ते वडिलांपासून चालत आलेले असतात. सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली तेव्हा ९२५ शेअरांमागे आयसीआयसीआयचे १०० शेअर मिळाले, आणि इथले जुने भागधारक आपसूक देशातल्या एका मोठ्या खाजगी बँकेचे भागधारक झाले.

अशा नव्या भागधारकांसाठी हा लेख आहे. त्यात एकच प्रश्न धरून अहवाल वाचायचा आहे : कंपनी चालवणाऱ्या साहेबांचा, म्हणजे एमडींचा (व्यवस्थापकीय संचालकांचा), पगार कामगिरीप्रमाणे हलतो की कॅलेंडरप्रमाणे?

हा प्रश्न आपणच विचारायला हवा, त्याला कारण आहे. कंपनी कायदा २०१३ आल्यानंतर २०१४ साली मानधनाबद्दलचे नियम झाले. त्यांत कंपनीने स्वतःच्या अहवालात वरिष्ठांच्या मानधनाची कंपनीच्या कामगिरीशी तुलना करून दाखवावी, आणि संचालकांच्या मानधनाचा बदलता, म्हणजे कामगिरीप्रमाणे कमीजास्त होणारा, भाग कोणत्या निकषांवर ठरला तेही सांगावं, अशी कलमं होती. ३० जून २०१६च्या दुरुस्तीने ती वगळली गेली. माझ्या मते हे चुकीचं झालं. आकडे आजही अहवालात आहेत, पण पगाराचा आकडा एका पानावर, नफ्याचा दुसऱ्या आणि रोख रकमेचा तिसऱ्या. ते शेजारी मांडून दाखवायची सक्ती राहिलेली नाही, म्हणून ते काम भागधारकाने करायचं. वही, पेन आणि एक संध्याकाळ पुरते.

आधी पाच वर्षांचे अहवाल जमवा

एका वर्षाच्या अहवालावरून काही ठरवू नका. पगार आणि नफा यांचा संबंध एका वर्षात दिसत नाही, पाच वर्षांत लपत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर ‘इन्व्हेस्टर्स’ नावाचा भाग असतो, तिथे जुने अहवाल मिळतात. तिथे सापडायला त्रास झाला तर बीएसई किंवा एनएसईच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव टाका. वार्षिक अहवाल, तिमाही निकाल, सभेच्या नोटिसा आणि मतदानाचे निकाल, सगळं तिथे फुकट मिळतं. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका आणि कुणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा ‘सारांश’ घेऊ नका.

पाच वर्षांत एक वर्ष असं हवं की जेव्हा धंदा खाली आला होता. नसेल तर आणखी मागे जा. चांगल्या वर्षांत सगळ्यांचेच पगार वाढतात, त्यातून काही कळत नाही. वाईट वर्षात काय झालं, यावरून पगार खरोखर कशाला बांधलेला आहे ते कळतं.

अहवालात पगार कुठे कुठे असतो

एमडींचा पगार एका ठिकाणी लिहिलेला नसतो. तो चार-पाच जागी वेगवेगळ्या रूपांत असतो आणि आकडे कधीकधी एकमेकांशी जुळतही नाहीत. पीडीएफमध्ये इंग्रजीत ‘रेम्युनरेशन’ शब्द टाकून शोधलंत तर सगळ्या जागा सापडतील.

पहिली जागा म्हणजे संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेलं परिशिष्ट, कलम १९७(१२)खालचं. इथे प्रत्येक संचालकाचं मानधन आणि कर्मचाऱ्यांचा मध्यक पगार यांचं गुणोत्तर असतं. सगळ्या कर्मचाऱ्यांना पगाराप्रमाणे लहान ते मोठं असं रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्या माणसाचा जो पगार, तो मध्यक. ‘मेडियन’ शब्द शोधा. त्याच पानावर एमडी, वित्तप्रमुख आणि कंपनी सेक्रेटरी यांच्या मानधनात वर्षभरात किती टक्के वाढ झाली, मध्यक पगारात किती झाली आणि कायम कर्मचारी किती, हे दिलेलं असतं. नवख्या वाचकाने अहवालातलं हे पान सर्वांत आधी उघडावं.

दुसरी जागा ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’चा अहवाल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५च्या नियमांप्रमाणे इथे मानधनाचे तुकडे पाडून द्यावे लागतात : मूळ पगार, भत्ते-सवलती, कमिशन किंवा कामगिरीवरची रक्कम, शेअरचे पर्याय (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क), नोटीस कालावधी, सोडून जाताना मिळणारी रक्कम. कामगिरीवर दिलेल्या रकमेचे निकषही इथे सांगावे लागतात. प्रत्यक्षात बऱ्याच अहवालांत निकषांच्या जागी ‘व्यक्तीची आणि कंपनीची कामगिरी लक्षात घेऊन’ अशा अर्थाचं एक वाक्य असतं. असं वाक्य दिसलं की वहीत ‘निकष दिलेले नाहीत’ अशी नोंद करा. त्याचा उपयोग पुढे आहे.

तिसरी जागा हिशेबाच्या टिपांमध्ये, ‘रिलेटेड पार्टी’ म्हणजे संबंधित व्यक्तींच्या व्यवहारांची टीप. ती सावकाश वाचा. इथला आकडा आणि गव्हर्नन्स अहवालातला आकडा वेगळा असेल तर खालची बारीक तळटीप बघा. बहुतेकदा तिथे लिहिलेलं असतं की ग्रॅच्युइटी आणि रजेची तरतूद पूर्ण कंपनीसाठी एकत्र काढली जाते, म्हणून ती यात धरलेली नाही. म्हणजे समोरचा आकडा पूर्ण नाही. याच टिपेत प्रवर्तकांच्या (कंपनी उभारून तिच्यावर ताबा असलेल्यांच्या) नातेवाइकांना दिलेले पगार, त्यांच्या जागांची भाडी, त्यांच्या दुसऱ्या कंपन्यांना दिलेली रॉयल्टी किंवा सल्ला-शुल्क, हेही असतं. कुटुंबाच्या कंपनीत एमडींचा पगार साधा दिसतो आणि मुलगा, सून, भाऊ यांची नावं या टिपेत असतात. नातेवाइकाला महिना अडीच लाखांपेक्षा जास्त पगाराच्या पदावर घ्यायचं असेल तर कायद्याने साधारणपणे भागधारकांची मंजुरी लागते, म्हणून जुन्या नोटिसांमध्येही त्याचा माग लागतो.

चौथी जागा सभेची नोटीस. एमडींची नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. ज्या वर्षी नेमणूक किंवा फेरनेमणूक झाली त्या वर्षीच्या नोटिशीत, ठरावाखालच्या स्पष्टीकरणात, पगाराच्या सगळ्या अटी असतात : दरवर्षी किती वाढ देता येईल, कमिशनची कमाल मर्यादा काय, आणि नफा झाला नाही तर किमान किती द्यायचं. शेवटची अट आवर्जून वाचा. तोट्याच्या वर्षातही ठरलेला पगार आणि भत्ते पूर्ण मिळतील असं तिथे बहुधा लिहिलेलं असतं. त्याला आपण भागधारकांनीच मंजुरी दिलेली असते, न वाचता.

आणखी एक यादी असते, पण ती बहुतेक वेळा छापलेली नसते. सर्वाधिक पगार घेणारे दहा कर्मचारी, आणि वर्षाला १ कोटी २ लाखांपेक्षा कमी नाही एवढा पगार घेणारे सगळे, यांचा तपशील कंपनीला तयार ठेवावा लागतो. तो अहवालासोबत न पाठवता, मागेल त्या भागधारकाला देण्याची मुभा आहे. म्हणून मागा. कंपनी सेक्रेटरीचा ईमेल अहवालातच असतो. आपलं नाव, डीमॅट खात्याचा डीपी आयडी, क्लायंट आयडी लिहा आणि ‘कलम १९७ आणि नियम ५(२)खालचा तपशील पाठवावा’ एवढी दोन ओळींची इंग्रजी विनंती करा. एक शेअर असला तरी हा हक्क आहे.

वहीतला तक्ता

आता वहीच्या एका पानावर पाच ओळी आखा, दर वर्षाला एक. रकाने असे : विक्री, करपूर्व नफा, धंद्यातून आलेली रोख, भांडवलावरचा परतावा, एमडींचं एकूण मानधन, त्यातला बदलता भाग, मध्यक पगार, लाभांश. एवढे पुरेत.

समजा एक कल्पित कंपनी आहे, कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारी. तिचे दोनच रकाने आधी बघू.

पहिलं वर्ष : करपूर्व नफा ८० कोटी, एमडींचं मानधन २ कोटी ४० लाख.
दुसरं वर्ष : नफा ९५ कोटी, मानधन २ कोटी ९० लाख.
तिसरं वर्ष : नफा ६० कोटी, मानधन २ कोटी ९० लाख.
चौथं वर्ष : नफा ७२ कोटी, मानधन ३ कोटी ६० लाख.
पाचवं वर्ष : नफा ८८ कोटी, मानधन ४ कोटी १० लाख.

दुसऱ्या वर्षी नफा वाढला, पगार वाढला. तक्रार नाही. तिसऱ्या वर्षी नफा जवळपास ३७ टक्क्यांनी खाली आला आणि पगार जागचा हलला नाही. इथेच पेन थांबवायचं. चौथ्या वर्षी नफा सावरला, तरी दुसऱ्या वर्षाच्या खूप खालीच होता, पण पगार मात्र नवीन उंचीवर गेला. पाच वर्षांची टोकं धरली तर नफा १० टक्क्यांनी वाढला आणि मानधन सुमारे ७१ टक्क्यांनी. याच काळात मध्यक पगार ५ लाखांवरून ६ लाखांवर गेला असेल, म्हणजे २० टक्क्यांनी, तर गुणोत्तर ४८ पटींवरून ६८ पटींवर गेलं.

यातलं कुठलंच वर्ष बेकायदा नाही. मानधन नफ्याच्या ३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांपर्यंत चढलं, पण पाचाच्या वर गेलं नाही. म्हणून ‘कायद्याच्या मर्यादेत आहे’ हे उत्तर मिळालं की समाधान मानू नका. मानधन चढायच्या वेळी नफ्याचा दाखला घेतं आणि उतरायच्या वेळी घेत नाही, हे त्या पाच ओळींत दिसतं. अहवालातल्या कुठल्याही एका पानावर ते दिसणार नाही.

मी स्वतः पगाराच्या आकाराला घाबरत नाही. मोठी कंपनी चालवणं सोपं काम नाही आणि चांगला माणूस स्वस्तात मिळत नाही. चार कोटी घेऊन कंपनीचं भांडवल दुप्पट फळाला आणणारा माणूस परवडतो. पण पगाराचा मोठा भाग कामगिरीला बांधला आहे असं अहवालात लिहायचं, आणि कामगिरी घसरली तरी तो भाग न घसरता तसाच द्यायचा, याला माझी हरकत आहे.

नफा कोणता धरायचा

इथे नवखा वाचक हमखास अडखळतो, म्हणून थोडं थांबून बघू.

प्रत्येक मोठ्या कंपनीचे दोन हिशेब असतात. एक फक्त त्या कंपनीचा, ज्याला ‘स्टँडअलोन’ म्हणतात. दुसरा उपकंपन्या धरून केलेला एकत्रित, ‘कन्सॉलिडेटेड’. कायद्यातल्या मानधनाच्या टक्केवाऱ्या पहिल्यावर चालतात, आणि वर्तमानपत्रात येणारा नफा बहुधा दुसरा असतो. या दोहोंत किती अंतर पडू शकतं याचं उदाहरण टाटा मोटर्सचं आहे. २०१४ साली परदेशातल्या जग्वार लँड रोव्हरमुळे एकत्रित नफा भरपूर होता, पण भारतातल्या कंपनीचा स्वतःचा नफा अपुरा. त्यामुळे कार्यकारी संचालकांच्या मानधनासाठी विशेष ठराव (तीन चतुर्थांश मतं लागणारा) लागला आणि त्या जुलैमध्ये भागधारकांनी तो फेटाळला. पुढे २०१५च्या जानेवारीत कंपनीने पुन्हा मत मागितलं तेव्हा तो मंजूर झाला.

तक्त्यात तुम्ही दोन्ही नफे लिहा. एमडींना उपकंपनीतूनही मानधन मिळत असेल तर ते संचालक मंडळाच्या अहवालात सांगावं लागतं. ते शोधून बेरजेत धरा.

मानधनाच्या मर्यादेसाठीचा नफा कलम १९८प्रमाणे वेगळा काढतात. त्यात भांडवली स्वरूपाचे नफे धरत नाहीत आणि आयकर वजा करत नाहीत. म्हणून आपल्या पहिल्या नजरेसाठी करपूर्व नफा जवळचा पडतो. मात्र त्यात ‘अपवादात्मक बाबी’ आहेत का ते बघा. जमीन विकून आलेले पैसे एका वर्षाचा नफा फुगवतात. ती रक्कम बाजूला काढून बाकीच्या नफ्याकडे बघा. आणि उलटही बघा : तोटा ‘अपवादात्मक’ म्हणून बाजूला काढून उरलेल्या आकड्यावर बोनस दिला आहे का? एकदा आलेला अपवाद समजू शकतो. दर वर्षी येणारा अपवाद हा नेहमीचा खर्च असतो.

आता रोख. ज्या आकड्यावर साहेबांचा पगार ठरतो, तो आकडा त्याच साहेबांच्या देखरेखीखाली तयार होतो. यात लबाडीच असते असं नाही, पण मोह असतो, आणि हिशेबाच्या नियमांत अंदाजाला जागा असते. यंत्राचं आयुष्य दहाऐवजी पंधरा वर्षं धरलं की घसारा कमी होतो आणि नफा वाढतो. बुडीत उधारीची तरतूद कमी केली, संशोधनाचा खर्च ‘मालमत्ता’ म्हणून ताळेबंदात ठेवला, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात व्यापाऱ्यांकडे माल ढकलला, तरी नफा वाढतो. यांपैकी कशानेही बँकेत एक रुपया येत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी गाडी भरून गेली म्हणजे पैसे आले असं कधी धरत नाही. तीच नजर इथे लावा.

आपल्या कल्पित कंपनीकडे परत येऊ. समजा पाच वर्षांत विक्री ६०० कोटींवरून ७२० कोटींवर गेली, म्हणजे २० टक्के वाढ. आणि ग्राहकांकडचं येणं १०० कोटींवरून १९० कोटींवर. पहिल्या वर्षी विक्रीचे पैसे यायला सरासरी ६१ दिवस लागत होते, आता ९६ लागतात. पाच वर्षांच्या नफ्याची बेरीज आणि पाच वर्षांत धंद्यातून आलेल्या रोख रकमेची बेरीज शेजारी ठेवा. रोख सतत नफ्याच्या खूप मागे राहत असेल, तर कमिशन कागदावरच्या नफ्यावर दिलं गेलं आणि उधारी भागधारकांच्या माथी राहिली, असा त्याचा अर्थ होतो.

हे दिवस स्वतः मोजायला नको वाटत असतील तर एक सोय आहे. आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून कंपन्यांना हिशेबाच्या टिपांमध्ये अकरा गुणोत्तरं द्यावी लागतात. येण्याची फिरत, मालसाठ्याची फिरत, कर्ज आणि भागभांडवल, भांडवलावरचा परतावा ही त्यातलीच. एखादं गुणोत्तर वर्षभरात २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारण लिहावं लागतं. ती कारणं वाचा. ‘विक्री वाढल्यामुळे’ एवढंच लिहून सोडलेलं कारण आणि नीट दोन वाक्यांत समजावलेलं कारण यातला फरक कुणालाही कळतो. कंपनी भागधारकाला किती गंभीरपणे घेते हे मला त्या छोट्या रकान्यात जास्त कळतं, अध्यक्षांच्या रंगीत भाषणात नाही.

कायद्याच्या मर्यादा थोडक्यात

सगळ्या संचालकांचं मिळून मानधन निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांच्या आत. एका एमडीला ५ टक्के. एकाहून जास्त कार्यकारी संचालक असतील तर सगळ्यांना मिळून १० टक्के. बाकीच्या संचालकांना मिळून १ टक्का, एमडी किंवा पूर्णवेळ संचालक नसेल तर ३ टक्के. यावर जायचं तर विशेष ठराव, म्हणजे पडलेल्या मतांत विरोधापेक्षा बाजूची मतं किमान तिप्पट. पूर्वी केंद्र सरकारची परवानगी लागायची, सप्टेंबर २०१८पासून ती गेली आणि तो अधिकार भागधारकांकडे आला. नफा नसेल किंवा अपुरा असेल तर कायद्याच्या परिशिष्ट ५ मधल्या, भांडवलाच्या आकाराप्रमाणे ठरलेल्या रकमा लागू होतात.

प्रवर्तक कुटुंबातल्या कार्यकारी संचालकासाठी सेबीचा आणखी एक नियम एप्रिल २०१९पासून आहे. वर्षाचं मानधन ५ कोटी किंवा नफ्याच्या २.५ टक्के, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर गेलं की विशेष ठराव लागतो. असे एकाहून जास्त संचालक असतील तर सगळ्यांचं मिळून ५ टक्के. आपल्या कल्पित कंपनीचे एमडी प्रवर्तक असते तरी ४ कोटी १० लाखांवर हा नियम लागू झाला नसता, हे लक्षात घ्या.

मानधन कायद्यात बसतं की नाही, याबद्दल ऑडिटरला त्याच्या अहवालात वेगळं विधान करावं लागतं. ऑडिट रिपोर्टच्या शेवटच्या भागात ती ओळ असते. बघा आणि पुढे चला.

बँकांचं गणित निराळं आहे आणि मला ते जास्त पटतं. खाजगी बँकेच्या एमडीचं मानधन रिझर्व्ह बँकेच्या मंजुरीशिवाय ठरत नाही. एप्रिल २०२०पासून लागू असलेल्या सूचनांप्रमाणे एकूण मानधनातला किमान निम्मा भाग बदलता हवा, तो ठरलेल्या भागाच्या तिपटीहून जास्त नको, आणि बदलत्या भागातला किमान ६० टक्के हिस्सा तीन किंवा जास्त वर्षं लांबवून द्यायचा. आज वाटलेलं कर्ज तीन वर्षांनी बुडालं तर तो हिस्सा रोखता येतो, दिलेला परतही मागता येतो. साताऱ्यात युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली अडचणीत येऊन आयडीबीआयमध्ये गेलेली अनेकांना आठवत असेल. बँकेचा आजचा नफा आणि तिचं खरं आरोग्य यांत किती वर्षांचं अंतर असतं, ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. तुमच्याकडे खाजगी बँकेचे शेअर असतील तर अहवालात लांबवलेल्या रकमेचा तक्ता नक्की बघा.

आकड्यांनी फसू नये म्हणून

मध्यक पगाराचं गुणोत्तर दोन वेगळ्या धंद्यांमध्ये ताडून बघू नका. फाउंड्रीचा मध्यक आणि सॉफ्टवेअर कंपनीचा मध्यक यांची तुलना होत नाही. त्याच कंपनीचं गुणोत्तर पाच वर्षांत कसं सरकलं ते बघा. शिवाय या गणितात कंत्राटी कामगार बहुधा नसतात. कारखान्यात निम्मे लोक ठेकेदारामार्फत असतील तर कमी पगाराची माणसं रांगेतून बाहेर राहतात, मध्यक वर जातो आणि गुणोत्तर सौम्य दिसतं. सर्वांत मोठ्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर नावाचा, धंद्याची सामाजिक जबाबदारी आणि शाश्वतता यांचा, वेगळा अहवाल द्यावा लागतो. त्याच्या पहिल्याच भागात कायम आणि इतर कामगारांची संख्या वेगवेगळी असते, आणि पुढे मानवी हक्कांच्या भागात स्त्री-पुरुषांचे मध्यक पगारही असतात. आपल्याकडच्या एमआयडीसीत ज्यांच्या घरातलं कुणी ठेक्यावर जातं, त्यांनी हे आकडे जरूर वाचावेत.

एखाद्या वर्षी पगार अचानक तिप्पट दिसला तर लगेच संतापू नका. शेअरचे पर्याय वापरले गेले असतील तर पाच-सहा वर्षांचा फायदा एकाच वर्षात दिसतो. निवृत्तीच्या वर्षी साठलेली रजा आणि ग्रॅच्युइटी एकदम येते. तळटीप वाचा आणि ती रक्कम वर्षांत वाटून बघा.

‘उद्योगातल्या इतर कंपन्यांच्या तुलनेत योग्य’ हे वाक्य जवळपास प्रत्येक ठरावाखाली सापडेल. कोणत्या कंपन्या, हे सांगितलेलं नसेल तर त्याला किंमत देऊ नका. सगळ्याच कंपन्या आपल्या साहेबाला सरासरीच्या थोडं वर ठेवायचं म्हणाल्या, तर दर वर्षी सरासरीच वर सरकते आणि कामगिरीचा विषय निघतच नाही. मानधन ठरवणाऱ्या समितीत कोण आहेत तेही बघा. मोठे पगार सुचवणारे हे स्वतंत्र संचालक किती वर्षं त्या मंडळावर आहेत, आणि त्यांचं स्वतःचं कमिशन एमडींच्या कमिशनबरोबर वाढतं का?

मग मत द्या

सहकारी कारखान्यात एक सभासद, एक मत. कंपनीत जेवढे शेअर तेवढी मतं. त्यामुळे ‘माझ्या पन्नास शेअरांनी काय होणार’ असं वाटतं. पण विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात आणि तिथे प्रवर्तक एकटे बहुधा पुरे पडत नाहीत. ऑगस्ट २०२१मध्ये आयशर मोटर्सच्या सभेत सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा आणि मानधनाचा विशेष ठराव पडला. बाजूने सुमारे ७३ टक्के मतं होती, हवी होती ७५. त्यानंतर मंडळाने मानधनाची कमाल मर्यादा नफ्याच्या ३ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आणली, पुन्हा मत मागितलं, आणि ते मिळालं. माणूस तोच राहिला, अट बदलली.

सभेची नोटीस किमान २१ दिवस आधी येते. तिच्यात मतदानासाठीची ठरलेली तारीख असते, त्या दिवशी शेअर तुमच्या खात्यात असले पाहिजेत. सभेच्या आधी किमान तीन दिवस ऑनलाइन मतदान खुलं असतं आणि आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. तुमचं डीमॅट सीडीएसएलकडे असेल तर ‘ईझी’वर आणि एनएसडीएलकडे असेल तर ‘आयडियाज’वर एकदा नोंदणी करून ठेवा, नाहीतर शेवटच्या संध्याकाळी पासवर्डमध्येच वेळ जातो. प्रत्येक ठरावावर वेगळं मत देता येतं. हिशेबाला होकार आणि मानधनाला नकार, असं चालतं.

सभेत बोलायचं असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवा. बऱ्याच सभा आता व्हिडिओवर होतात, म्हणून सांगलीतून मुंबई-पुण्याला जायची गरज उरलेली नाही. प्रश्न लांबवू नका. वहीतल्या तक्त्यातून एकच उचला, उदाहरणार्थ : ‘तिसऱ्या वर्षी नफा ३७ टक्क्यांनी घटला तेव्हा बदलता भाग का घटला नाही, आणि त्याचे निकष अहवालात का नाहीत?’ हाच प्रश्न आठ दिवस आधी सेक्रेटरीला ईमेलवरही पाठवा, म्हणजे ‘माहिती घेऊन कळवतो’ या उत्तराला जागा राहत नाही.

सभा झाल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत मतदानाचा निकाल शेअर बाजाराच्या वेबसाइटवर येतो. त्यात प्रवर्तक, संस्था आणि इतर भागधारक यांची मतं वेगवेगळी दिलेली असतात. मानधनाचा ठराव मंजूर झाला तरी प्रवर्तकांची मतं वगळून किती टक्के विरोधात गेली ते काढा आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहून ठेवा. पुढच्या फेरनेमणुकीची नोटीस आली की आधी तो आकडा बघा, मग नव्या अटी वाचायला घ्या.